फोर्सिंग पास पानांतून येत नाही

ब्रिजमध्ये फोर्सिंग पास म्हणजे असा पास, ज्याच्यानंतर भिडूला पास करण्याची मुभा नसते. एका बाजूने ४ इस्पिकची गेम बोलली, प्रतिस्पर्धी ५ बदामवर चढले आणि त्यांच्यानंतर ज्याची पाळी होती त्याने पास केला. हा पास फोर्सिंग असेल तर त्याच्या भिडूपुढे दोनच वाटा उरतात: ५ बदामला डबल करणे, किंवा ५ इस्पिक अथवा त्याहून वर जाणे. पास करणाऱ्याने निर्णय टाळलेला नसतो. आपल्या पानांपुरते जे सांगायचे ते सांगून उरलेला निर्णय त्याने भिडूवर सोपवलेला असतो. डबल केले असते तर 'पुढे जाऊ नकोस' असा इशारा गेला असता, ५ इस्पिक बोलले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. पासमुळे या दोहोंमधला तिसरा अर्थ हाती येतो, तोही बोलीची एकही पायरी न चढता.

या पासविषयी क्लबांमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे. तिच्या मते फोर्सिंग पास आधी ठरवण्याची गोष्टच नाही. ज्या बाजूकडे पॉइंट जास्त, तिचा पास आपोआप फोर्सिंग. चाळिसांपैकी चोवीस-पंचवीस पॉइंट आपल्याकडे असताना प्रतिस्पर्ध्यांना ५ बदाम डबलशिवाय कोण खेळू देईल? मुरलेल्या खेळाडूला हे टेबलावर कळते, ज्याला कळत नाही त्याने अजून खेळावे, असा या मताचा सूर असतो. त्याला एक पुरवणीही जोडलेली असते: फोर्सिंग पास जितक्या जास्त ठिकाणी लागू, तितकी जोडी सरस.

या मतात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते टिकून आहे. गेम बुडवण्यासाठी कोणी मुद्दाम सॅक्रिफाइस करत असेल तर त्याची पूर्ण किंमत वसूल झाली पाहिजे. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल नसताना ५ बदाम तीन हातांनी बुडाले तर डबलशिवाय १५० मिळतात, डबल करून ५००. फरक ३५०, म्हणजे ८ इम्प. एवढे नुकसान निव्वळ गैरसमजापायी सोसावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ही वसुली कशाच्या बळावर करायची, याचा. पॉइंटच्या बेरजेच्या बळावर ती करता येत नाही, कारण ती बेरीज टेबलावरच्या कुणालाच दिसत नसते.

प्रत्येक खेळाडूला फक्त आपली तेरा पाने दिसतात. ज्याच्याकडे सतरा पॉइंट आहेत तो मनाशी म्हणतो, 'डाव उघडउघड आपला आहे, माझा पास फोर्सिंगच.' समोर सहा पॉइंट आणि पाच इस्पिके घेऊन बसलेल्या भिडूला त्या सतरांचा पत्ता नसतो. त्याने ४ इस्पिक बोलताना डाव आपला आहे असे मुळीच सांगितलेले नसते; प्रतिस्पर्ध्यांची जागा खाण्यासाठी तो उडी मारून गेलेला असतो. तो ५ बदामवर पास करतो आणि मग सतरावाला डोके धरून बसतो. चूक सतरावाल्याची आहे. त्याच्या पानांतली ताकद त्याने बोलीत आणलीच नव्हती; त्याने स्वतः डबल करायला हवे होते. फोर्स निर्माण होतो तो जाहीर झालेल्या माहितीतून. दोन्ही भिडूंना आणि दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना जे ऐकू आले आहे, त्यावरूनच पास फोर्सिंग आहे की नाही ते ठरू शकते.

शेवटचे काँट्रॅक्ट तेच असले तरी त्यामागची बोली वेगळी असू शकते, आणि सारा गोंधळ इथे होतो. १ इस्पिक, डबल, ४ इस्पिक, ५ बदाम: इथला ४ इस्पिक बहुतेक पद्धतींत दुबळ्या पण लांब इस्पिकांच्या पानांवर मारलेला असतो, त्यामुळे ओपनरचा पास साधा पास आहे. १ इस्पिक, पास, २ नोट्रम्प, ५ बदाम: इथे २ नोट्रम्प जेकोबी असेल, म्हणजे चार इस्पिके आणि गेमपुरती ताकद दाखवत असेल, तर ओपनरचा पास निःसंशय फोर्सिंग. दोन्ही ठिकाणी पहिल्या बाजूने इस्पिकांची गेम गाठली किंवा गाठण्याचे कबूल केले. पण पहिल्या ठिकाणी गेम बोलली ती अडवण्यासाठी, दुसऱ्या ठिकाणी जिंकण्यासाठी. 'आपण गेम बोललो, म्हणून डाव आपला' हे सूत्र हा भेद पुसून टाकते.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. ३ इस्पिक, पास, ४ इस्पिक, ५ बदाम. ३ इस्पिक बोलणाऱ्याने आपल्या पानांचे वर्णन एका दमात पूर्ण केले आहे. ४ इस्पिक बोलणाऱ्याकडे तीन एक्के असू शकतात, किंवा नुसती चार इस्पिके आणि बाकी कचराही असू शकतो. प्रतिस्पर्ध्यांना यांतले काय ते कळू नये, हीच तर त्या बोलीची ताकद. अशा वेळी ओपनरचा पास फोर्सिंग मानला, तर कचऱ्यावर ४ इस्पिक बोललेल्या भिडूला ५ बदामला डबल करावे लागेल किंवा बुडायला ५ इस्पिकवर जावे लागेल. दुहेरी अर्थाची बोली खेळायची आणि वर फोर्सही मागायचा, हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. इथे निर्णय ४ इस्पिक बोलणाऱ्याचा एकट्याचा.

वादग्रस्त भागही मोठा आहे. १ इस्पिक, २ बदाम, ३ बदाम, ४ बदाम. प्रतिस्पर्ध्यांच्या रंगातली ही ३ बदामची बोली इस्पिकांना आधार आणि गेमच्या आमंत्रणापुरती किंवा त्याहून अधिक ताकद दाखवते. आता ओपनर पास करतो. आमंत्रणापुरतीच ताकद असेल तर जोडीने फक्त ३ इस्पिकपर्यंत जाण्याचे कबूल केले आहे. किमान पानांच्या ओपनरला ४ बदाम तसेच सोडण्याची मोकळीक हवी. म्हणून हा पास फोर्सिंग नसणे अधिक तर्काला धरून आहे. तरी पुष्कळ जोड्या तो फोर्सिंग खेळतात, आणि दोघांचेही तसेच ठरले असेल तर त्यात काही गैर नाही. गैर हे, की याच बोलीवर एकाच जोडीतले दोघे दोन उत्तरे देतात आणि दोघेही आपल्या उत्तराला 'उघड आहे' म्हणतात.

उलट काही जागा खरोखर निर्विवाद आहेत. २ किलवरची बलाढ्य ओपनिंग, एकवर दोनची गेम-फोर्सिंग बोली, आधार दाखवणारी जेकोबी २ नोट्रम्प: यांच्यानंतर गेमपर्यंत तर पास फोर्सिंग असतोच, आणि प्रतिस्पर्धी गेमवर चढले तरी बहुतेक जोड्या फोर्स पुढे चालू ठेवतात. व्हल्नरेबिलिटीचा नियमही लोकप्रिय आहे: आपण व्हल्नरेबल, ते नाहीत आणि आपण गेम बोललो, तर पास फोर्सिंग. त्यामागचा विचार योग्य आहे, कारण अशा वेळी ते सॅक्रिफाइसच करत असण्याची शक्यता मोठी. पण नियमात 'दबावाशिवाय बोललो' हे दोन शब्द घातले नाहीत तर तोही फसवतो. १ इस्पिक, ३ बदाम, ४ इस्पिक, ५ बदाम या बोलीत ४ इस्पिक बोलणाऱ्याला ३ इस्पिक आणि ४ इस्पिक यांच्यातच निवडायचे होते. त्याची बोली ताणलेली असू शकते.

फोर्सचा मोह आवरला पाहिजे यामागे गणितही आहे. पास फोर्सिंग केला की 'राहू दे, ५ बदाम डबलशिवाय खेळू दे' हा पर्याय कायमचा जातो. त्याची किंमत मोजता येते. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल नाहीत असे धरू. ५ बदाम झाले तर डबलशिवाय ४५०, डबलसह ६५०. तोटा २००, म्हणजे ५ इम्प. एका हाताने बुडाले तर ५० ऐवजी १००. फायदा फक्त २ इम्प. दोन हातांनी बुडाले तर १०० ऐवजी ३००, फायदा ५ इम्प. म्हणजे डाव कोणाचा हेच अनिश्चित असताना आंधळेपणाने डबल करणे हा तोट्याचा सौदा ठरू शकतो. तीन किंवा अधिक हातांनी बुडतील अशी खात्री असते तेव्हाच तो खरा किफायतशीर. १९८७ च्या गुणांकनबदलाने हे टोक आणखी धारदार झाले. त्याआधी व्हल्नरेबल नसलेल्या बाजूला डबलसह चार हात बुडण्याची शिक्षा ७०० होती, ती ८०० झाली. पाच हातांची ९०० वरून ११०० वर गेली. मोठ्या सॅक्रिफाइसची किंमत वाढली. एका हाताने बुडण्याची मात्र शंभरच राहिली.

निर्णय खरा असेल तिथे मात्र फोर्सिंग पासाला पर्याय नाही, हेही गणितच दाखवते. आपण व्हल्नरेबल, ते नाहीत. ५ बदाम डबल करून दोन हातांनी बुडणार असतील तर ३०० मिळतात. ५ इस्पिक झाले तर ६५०, म्हणजे ३५० चा फायदा, ८ इम्प. एका हाताने बुडाले तर ३०० मिळण्याऐवजी १०० जातात, ४०० चा तोटा, ९ इम्प. म्हणजे ५ इस्पिक होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असली की बोलणे योग्य. आता ५ बदाम तीन हातांनी बुडणार असतील तर ५०० मिळतात. ५ इस्पिक होण्याचा फायदा १५०, म्हणजे ४ इम्प. बुडण्याचा तोटा ६००, म्हणजे १२ इम्प. आता चारांपैकी तीन वेळा ५ इस्पिक व्हायला हवेत. बचावातल्या एका हाताने उत्तर इतके सरकते, आणि तो एक हात कुठे आहे हे एकट्याच्या पानांवरून सांगता येत नाही.

उत्तरेची पाने अशी: इस्पिक एक्का, गुलाम, ६, ३, बदाम ७, ४, चौकट एक्का, ६, २, किलवर एक्का, गुलाम, ८, ५. दक्षिणेने १ इस्पिक ओपन केले, उत्तरेने २ नोट्रम्प, पूर्वेने थेट ५ बदाम. दक्षिणेची पाने दोन प्रकारची असू शकतात. पहिला प्रकार: इस्पिक राजा, राणी, ९, ७, ४; बदाम राणी, गुलाम, ५; चौकट राजा, ८, ३; किलवर राणी, २. दुसरा प्रकार: इस्पिके तीच, बदाम फक्त ५, चौकट राजा, राणी, ८, ३, किलवर राजा, ६, २. दोन्हीत तेरा पॉइंट. पहिल्या प्रकारात ५ इस्पिक खेळताना बदामाचे दोन हात जातातच, आणि सारी भिस्त किलवराचा राजा पश्चिमेकडे असण्यावर राहते. ५ बदामविरुद्ध मात्र हुकमाचा एक, इस्पिकाचा एक, चौकटीचे दोन आणि किलवराचा एक असे पाच हात समोर दिसतात. दुसऱ्या प्रकारात बदामाचा एक आणि फार तर किलवराचा एक असे दोनच हात जातात, पाने विचित्र वाटली गेली नाहीत तर ५ इस्पिक पक्के. ५ बदामविरुद्ध मात्र हुकमाचा हात नाही.

पॉइंटच्या बेरजेला हे दोन डाव वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्हीत जोडीचे सत्तावीस पॉइंट. फोर्सिंग पासाला येतात. पहिल्या प्रकारात दक्षिण डबल करते: 'माझी बदामातली ताकद बचावात कामाची आहे, ५ इस्पिकमध्ये वाया जाईल.' दुसऱ्या प्रकारात ती पास करते: 'माझ्याकडे बदाम आखूड आहेत, पुढे जाण्याची इच्छा आहे, तुझे काय?' उत्तरेकडे बदामात काहीच वाया जाणारे नाही आणि बाहेर तीन एक्के आहेत, म्हणून ती ५ इस्पिक बोलते. तिच्याकडे बदामाचा राजा-राणी असते तर तिने डबल केले असते. अशा जागी डबल म्हणजे 'यांना चिरडूया' अशी गर्जना समजणारे बरेच आहेत. तो गर्जनेपेक्षा बराच नम्र असतो. बहुतेक वेळा तो नुसता सावधगिरीचा इशारा असतो.

'ज्याला खरेच पुढे जायचे आहे त्याने थेट ५ इस्पिक बोलावे, पास म्हणजे कचखाऊपणा' हे म्हणणेही याच गोंधळातून आलेले. फोर्स चालू असताना थेट बोलणे म्हणजे लांब रंग आणि बचावात कमी दम, पण स्लॅमची महत्त्वाकांक्षा नाही. पास करून भिडूने डबल केल्यावर तो काढून ५ इस्पिक बोलणे हे त्याहून बलवान, स्लॅमकडे बोट दाखवणारे. हा उलटा क्रम विचित्र वाटतो खरा, पण त्याचे कारण साधे आहे. पास केल्यावर भिडूला बोलण्याची संधी मिळते. ज्याला आणखी माहिती हवी तोच ती संधी देतो, आणि माहिती हवी असते ती सहसा बलवान पानांना.

या विषयावर बोलताना कुणीतरी एकूण हातांचा नियम पुढे करतोच. जाँ-रेने व्हेर्न यांनी तो १९६९ मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड' मासिकात इंग्रजी वाचकांपुढे मांडला आणि लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला: दोन्ही बाजूंच्या हुकमांची एकूण संख्या म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापल्या हुकमात करता येतील अशा हातांची अंदाजे बेरीज. नियम हाताशी असताना पासातून सल्लामसलत कशाला, असा आक्षेप असतो. नियम उपयोगी आहे, यात शंका नाही. वरच्या व्हल्नरेबिलिटीत बेरीज १८ असेल तर ५ बदामला डबल करणेच बरोबर: ५ इस्पिक होत असतील तर ५ बदाम चार हातांनी बुडतात, ६५० च्या जागी ८०० मिळतात, ५ इस्पिक होत नसतील तर प्रश्नच नाही. पण बेरीज १९ झाली की तीच बेरीज अकरा आणि आठ अशी विभागली जाते की दहा आणि नऊ अशी, यावर सारे ठरते, आणि विभागणीबाबत नियम गप्प असतो. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात आखूड रंग आणि कामाला येणारे पॉइंट यांवर भर दिला तो याच उणिवेमुळे. वरच्या दोन दक्षिणांनी डबल आणि पास यांतून एकमेकींपासून वेगळे केले ते नेमके हेच.

'टेबलावर कळते' या म्हणण्याचा सर्वांत कच्चा भाग मात्र नियमपुस्तिकेसमोर उघडा पडतो. ५ बदामवर एक खेळाडू अर्धा मिनिट विचार करून पास करतो. त्या विलंबातून भिडूला कळते की पास सुखासुखी नव्हता. डुप्लिकेट ब्रिजच्या नियम १६ नुसार अशी माहिती वापरायला मनाई आहे. भिडूने डबल केले की प्रतिस्पर्धी डायरेक्टरला बोलावणार, आणि डायरेक्टरचा पहिला प्रश्न: हा पास फोर्सिंग होता का? आधी ठरलेले, लिहून ठेवलेले असेल तर पास हा पर्यायच उरत नाही आणि डबल टिकतो. 'पानांवरून उघड होते' एवढेच उत्तर असेल तर डबल रद्द होण्याची शक्यता मोठी, आणि ते योग्यच. प्रतिस्पर्ध्यांनाही विचारण्याचा हक्क आहे. जोडीतला करार सांगता येतो. 'आम्हाला अंदाज येतो' हे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. फोर्स नक्की असला तरी प्रश्न संपत नाही: संथ डबल काढून ५ इस्पिक बोलणाऱ्यालाही डायरेक्टरसमोर उभे राहावे लागते. म्हणून पास आणि डबल दोन्ही सारख्याच गतीने करणे हा या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

शंका असेल तेव्हा काय, यावर जाणकारांतही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, शंका असेल तर फोर्सिंग माना, कारण प्रतिस्पर्ध्यांना फुकट सोडणे लाजिरवाणे. दुसरा म्हणतो, शंका असेल तर फोर्सिंग नाही. दोन्ही चुकांची किंमत जवळपास सारखी, वर पाहिल्याप्रमाणे बहुधा पाच ते आठ इम्पच्या घरात, त्यामुळे किंमत दाखवून कोणताच पक्ष जिंकू शकत नाही. तरीही दुसरा पक्ष अधिक बरोबर आहे. बोलीतून डाव कोणाचा हे स्पष्ट झाले नसेल, तर तो खरोखरच अनिश्चित असण्याची शक्यता जास्त, आणि अनिश्चित डावातच डबलशिवाय सोडण्याची मोकळीक सर्वाधिक मोलाची. जादा ताकद असलेल्याने तिथे स्वतः डबल करावे, म्हणजे ती ताकद निदान बोलीत येते.

नावाच्या साम्यामुळे होणारी एक गल्लत इथेच बाजूला काढलेली बरी. १९७० च्या दशकापासून पोलंडमध्ये पुढे आलेल्या काही पद्धतींत पहिल्याच पाळीचा पास ओपनिंगची ताकद दाखवतो आणि दुबळ्या पानांना बोली करावी लागते. जागतिक ब्रिज महासंघ अशा पद्धतींना अतिअसाधारण गटात टाकतो आणि त्यांच्यावर कडक बंधने घालतो. त्या बंधनांचा हवाला देऊन स्पर्धात्मक बोलीतल्या फोर्सिंग पासाला 'कृत्रिम' ठरवणे म्हणजे शुद्ध गैरवाचन. या पासावर कोणतेही बंधन नाही.

हल्ली पुढच्या फळीतल्या काही जोड्या पास आणि डबल यांच्या अर्थांची अदलाबदल करतात. त्यांच्या करारात पास भिडूला डबल करायला भाग पाडतो, आणि स्वतःचे डबल 'तू ठरव' असे सांगते. ज्याला दंड वसूल करायचा आहे तो पास करतो, भिडू डबल करतो, आणि तो पुन्हा पास करतो. स्लॅमचा विचार असलेला पास करून डबल काढतो. यात एक जादा पायरीची माहिती मिळते, हे खरे. पण फोर्स आहे की नाही याबद्दल किंचितही दुमत असेल तर ही पद्धत आत्मघातकी आहे: दंडासाठी सर्वांत उत्तम पाने असलेलाच पास करतो, भिडूही पास करतो, आणि ५ बदाम डबलशिवाय चार हातांनी बुडतात, २०० ला. जास्तीत जास्त ठिकाणी फोर्स मागणाऱ्यांना ही अदलाबदल विशेष आवडते. तिला सर्वांत काटेकोर सीमा लागतात, हे मात्र ते सांगत नाहीत.

खालच्या पातळीवर सीमा आखणे तुलनेने सोपे आहे, आणि तिथेच त्या सर्वांत कमी आखल्या जातात. १ बदाम, डबल, रिडबल: रिडबल दहा किंवा अधिक पॉइंट दाखवत असेल तर त्यानंतर प्रतिस्पर्धी कुठेही पळाले तरी आपल्या बाजूचा पास काही काळ फोर्सिंग. किती काळ? बहुतेक जोड्या २ बदामपर्यंत असे ठरवतात; प्रतिस्पर्धी त्यावर गेले की पास साधा. १ नोट्रम्पला दंडात्मक डबल केल्यानंतरही असाच प्रश्न येतो, आणि तिथे काहींची सीमा २ बदाम असते, काहींची २ इस्पिक. कोणती निवडावी यापेक्षा ती कन्व्हेन्शन कार्डावर लिहिलेली आहे का, हे जास्त महत्त्वाचे. कारण ती नसेल तर २ इस्पिकवर एक भिडू पास करून वाट पाहतो आणि दुसरा पास करून उतारीसाठी पान काढतो.